एका संकराची अनेक नावे : पीकपैदाशीच्या नोंदी व प्रमाण संपर्करीती

वनस्पतिप्रजनकाच्या नोंदवहीचा इतिहास हा पुष्कळ अंशी नावांचा इतिहास होय. नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकोतील गहू-कार्यक्रमात ८१५६ या क्रमांकाचा संकर झाला. त्याची संतती देशोदेशी गेली आणि तिच्यातून निवडलेले वाण मेक्सिकोत 'सिएते सेर्रोस', पाकिस्तानात 'मेक्सिपाक' व भारतात 'कल्याणसोना' या नावांनी प्रसार पावले. यांतील आपल्याकडील नाव विशेष बोलके आहे. पंजाबातील निवड 'कल्याण' व दिल्लीतील निवड 'सोना' या वस्तुतः एकच आहेत असे आढळल्यावर दोन्ही नावे सांधण्यात आली. अशा वाणांच्या निरनिराळ्या देशांतील चाचण्या एकत्र अभ्यासावयाच्या, तर केवळ नावावर विसंबून कसे चालावे?

या अडचणीवरील पहिला व्यापक उपाय लेखणीचाच होता. १९६८ मध्ये पर्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धान्यपिकांची वंशावळ लिहिण्याची एक प्रमाण पद्धती सुचविली. पहिल्या संकरास एक तिरकी रेघ, दुसऱ्यास दोन, पुढे रेघांमध्ये अंक, अशी ती सुटसुटीत रीत आजही प्रचारात आहे. परंतु वंशावळ म्हणजे रोप नव्हे. एकाच संकरातून शेकडो निरनिराळ्या ओळी निघतात. यास्तव १९९० नंतरच्या दशकात फिलिपीन्समधील भातसंशोधन संस्था व मेक्सिकोतील गहू-मका केंद्र यांच्या सहकार्याने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय पीकमाहिती प्रणालीत प्रत्येक बीजसामग्रीस स्वतंत्र क्रमांक देण्यात आला, आणि नाव हा त्या क्रमांकाचा केवळ एक गुण ठरला. माझ्या मते या क्षेत्रातील खरी क्रांती ती हीच.

पुढे कोश वाढले, तसे ते परस्परांना परकेही झाले. कसाव्याचा कोश एका रचनेचा, गव्हाचा दुसऱ्या. विश्लेषणाची भाषा मात्र बहुतेकांची एकच होऊ लागली होती. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी निर्माण केलेल्या 'आर' या भाषेची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. कोशातून 'आर'पर्यंत सामग्री जाई ती हातोहात, तक्त्यांच्या प्रतींतून. मूळ नोंदीतील चूक दुरुस्त झाली तरी ती दुरुस्ती प्रतीपर्यंत क्वचितच पोहोचे, आणि चुकीच्या आकड्यांवर पुढील हंगामाची निवड होई.

'ब्रॅपी' या नावाने ओळखली जाणारी प्रमाण संपर्करीती या दुखण्यावर योजलेली आहे. तिचे विवेचन 'बायोइन्फर्मेटिक्स' या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोशाची अंतर्गत रचना कशीही असो, ठरावीक प्रश्नास त्याने ठरावीक आकारात उत्तर द्यावे, एवढीच तिची मागणी आहे. या पायावर 'आर'मध्ये 'क्यूबीएमएस' नावाचा संच तयार झाला. त्याचा उगम शुष्क प्रदेशांतील शेतीवर संशोधन करणाऱ्या 'इकार्डा' या संस्थेत आहे. अभ्यासक पीक, कार्यक्रम, चाचणी आणि एखाद्या स्थळाचा प्रयोग अशा पायऱ्या उतरतो, आणि शेवटी वाफ्यावाफ्याची निरीक्षणे तक्त्याच्या रूपाने त्याच्यापुढे येतात. उत्तर पृष्ठापृष्ठाने येते, ती पृष्ठे जुळविण्याचे कामही संचच करतो. विश्लेषण दर वेळी मूळ नोंदीपासून सुरू होते, हा यातील मोठा लाभ होय. अर्थात मूळ नोंद मध्यंतरी सुधारली गेल्यास तीच आज्ञावली महिन्याने निराळे उत्तर देईल. म्हणून प्रबंधासाठी सामग्री घेतल्याचा दिनांक नोंदवावा व त्या दिवशीची प्रत जपून ठेवावी.

गुणलक्षणांच्या बाबतीत ही रीती अधिक काटेकोर आहे. 'उंची' एवढे म्हणून तिचे समाधान होत नाही. लक्षण, मोजण्याची पद्धत व मापनश्रेणी अशा तीन अंगांनी प्रत्येक निरीक्षणाची व्याख्या करावी लागते. (गव्हाची उंची कुसळांसह मोजली की कुसळांविना, हे न सांगणारे तक्ते आपण सर्वांनी पाहिले आहेत.)

नावांचा जुना प्रश्न मात्र येथे पुन्हा उभा राहतो. प्रत्येक कोश आपापला क्रमांक देतो. त्यामुळे एकाच वाणास दोन कोशांत दोन क्रमांक असू शकतात, आणि 'आर'मध्ये ते दोन निराळे वाण म्हणूनच उतरतात. रीतीत कायम स्वरूपाच्या जागतिक ओळखचिन्हासाठी व पर्यायी नावांसाठी जागा राखलेली आहे. ती जागा भरणे यंत्राच्या हाती नाही. 'कल्याण' आणि 'सोना' एकच आहेत हे पीक ओळखणाऱ्या माणसांनी ठरविले होते. आजही कोशातील तो रकाना प्रजनकानेच भरावयाचा असतो.