क्रॉनची पत्रं

घरच्या लिनक्सवर टर्मिनल उघडलं की "यू हॅव मेल"! कोणाचं? कॉम्प्युटरचंच. रात्रीचा बॅकअप झाला, एवढंच सांगायला. वैताग येतो राव. पण यामागची गोष्ट मजेशीर आहे.

क्रॉन हे नाव ग्रीक 'क्रोनोस'वरून, म्हणजे काळ. बेल लॅब्जच्या सातव्या युनिक्समधला (१९७९) क्रॉन अगदी साधा गडी: दर मिनिटाला उठायचं, एकच फाइल बघायची, वेळ झालेली कामं रूटच्या नावाने उरकायची, परत झोपायचं. पुढे सिस्टीम फाइव्हमध्ये प्रत्येकाला स्वतःचं क्रॉनटॅब मिळालं. आता रात्री दोनला चालणाऱ्या कामासमोर स्क्रीनच नाही, ते काही बोललं तर ऐकणार कोण? युनिक्समध्ये मेल १९७१ पासून होतीच, त्याच मशीनवरच्या लोकांसाठी. मग टाका आउटपुट मालकाच्या मेलबॉक्समध्ये! काम नीट झालं तर प्रोग्रामने गप्प बसायचं ही युनिक्सची रीत, त्यामुळे पत्र आलं म्हणजे काहीतरी बिघडलंय, असा साधा हिशोब. आपल्या बडबड्या स्क्रिप्टांनी तो उधळून लावला...

पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनच्या घराण्यात 'मेलटू' ही सोय आहे. ती रिकामी ठेवली की पत्रं बंद. बरेच जण हेच करतात, आणि मला ते पटत नाही. कारण मग एररही गिळल्या जातात. डिस्क भरून बॅकअप महिनोन्‌महिने फेल होत राहिला तरी पत्ता लागणार नाही. त्यापेक्षा नुसतं स्टँडर्ड आउटपुट 'डेव्ह नल'मध्ये ढकला. एरर वेगळ्या वाटेने येतात, त्यांचं पत्र येतंच.