पगारी वेळेतला व्यायाम

बसून काम करणाऱ्या बायकांना कामाच्या जागीच व्यायाम मिळावा, हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. जॉर्ज आणि रिचर्ड या कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये आपला चॉकलेटचा कारखाना बर्मिंगहॅमच्या दाटीतून बोर्नव्हिलच्या मोकळ्या माळावर नेला. चॉकलेटे निवडणे, खोक्यांत भरणे ही कामे तिथे मुख्यतः तरुण मुली करत. बोटे दिवसभर चालत, बाकीचे अंग आखडून राही. मुलींसाठी वेगळे मैदान झाले, व्यायामाचे वर्ग झाले, पुढे पोहण्याचा बंदिस्त तलावही झाला. पण माझ्या मते या इमारतींपेक्षा मोलाचा होता तो वेळ. कोवळ्या वयाच्या मुलींना कवायतीसाठी कामाच्या तासांतच सोडत. घरी चूल वाट पाहत असली की सुटीनंतरचा ऐच्छिक व्यायाम कागदावरच राहतो.

यात मालकाचाच स्वार्थ होता, असा आक्षेप येतो. तो खराच आहे. कामगारांचे हित आणि धंद्याची कार्यक्षमता एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, असे जॉर्जचा मुलगा एडवर्ड कॅडबरी याने १९१२ च्या पुस्तकात उघडच मांडले. पण मालकाला नफा झाला म्हणून मुलीच्या अंगात आलेली ताकद खोटी ठरत नाही. घरकाम हाच बाईचा व्यायाम, हा दुसरा आक्षेप मात्र मला मुळीच पटत नाही. दमणे वेगळे आणि दमसास वाढणे वेगळे. खरा अवघड प्रश्न पुराव्याचा आहे. नोकरी देतानाच प्रकृती तपासली जात असेल, तर धडधाकट मुलींचे श्रेय कवायतीला कसे द्यायचे? हाच पेच पुढेही दिसला. ब्रिटिश वैद्यकीय संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवले, की लंडनच्या दुमजली बसमध्ये जिने चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त होतो. मग त्यांनीच १९५६ मध्ये गणवेशांची मापे काढली, तर तरुण चालकांचाही कमरेचा घेर वाहकांहून मोठा निघाला. म्हणजे फरक थोडाफार आधीपासूनच असू शकतो. त्यातही हा अभ्यास पुरुषांचा. म्हणून त्याच बायकांची ताकद आणि दमसास व्यायामाआधी नि नंतर मोजणे, आणि व्यायाम न करणाऱ्या त्यांच्या सोबतिणींशी ताडून पाहणे, एवढाच पुरावा मी ग्राह्य धरेन.

आणि बोर्नव्हिलमधला तो कवायतीचा वेळही नोकरीच्या मालकीचा होता, बाईच्या नव्हे. विवाहित स्त्रियांना तिथे कामावर ठेवत नसत. लग्न झाले की नोकरी सुटे आणि तिच्याबरोबर कवायतही.