ओव्याच्या वासाची झाडं

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या गच्च्यांवर पानओव्याची एखादी कुंडी हमखास सापडते. शेजारच्या तेलुगू वहिनी तिला ‘वामाकु’ म्हणतात. वामु म्हणजे ओवा, आकु म्हणजे पान. भजी दोन्ही घरी होतात आणि चूकही दोन्ही भाषांनी तीच केली आहे. ओवा धने-जिऱ्याच्या कुळातला, पानओवा तुळस-पुदिन्याच्या. पान चुरडल्यावर मात्र नाक दोघांत भेद करत नाही, आणि झाडांची घरगुती नावं बहुधा नाकानंच ठेवलेली असतात.

ओव्याचं स्वतःचं नाव तरी कुठं सरळ आहे! ते संस्कृत ‘यवानी’वरून आलं असं मानतात, हिंदीतली अजवायन त्याच घराण्यातली. कात्यायनाच्या वार्तिकाप्रमाणे ‘यव’ला दोष दाखवायचा असला की ‘यवानी’ होते, म्हणजे वाईट जव. बाळंतिणीच्या शेगडीपासून मुलांच्या पोटदुखीपर्यंत जिच्यावाचून भागत नाही ती वस्तू व्याकरणानं खराब धान्यात जमा केली. वार्तिककारांचं पोट बहुधा कधी दुखलं नसावं.

अमेरिकेतली बी बाम ही पानओव्याची लांबची बहीण. लाल-जांभळे झिपरे तुरे आणि मधमाश्यांची गर्दी, म्हणून हल्ली इथल्या बागवेड्यांनाही ती हवीशी वाटते. लिनियसनं वंशाला मोनार्डा हे नाव दिलं ते सेव्हिलच्या निकोलास मोनार्देस या वैद्यावरून. सोळाव्या शतकात अमेरिकेतल्या औषधांवर ग्रंथ लिहिणारा हा गृहस्थ स्वतः अमेरिकेला कधी गेलाच नाही! मोनार्डाच्या काही जातींत ओव्याला वास देणारा थायमॉलच असतो. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जर्मनीला जाई आणि त्याचा थायमॉल होऊन जगभर विकला जाई. युद्धानं ती वाट बंद झाली तेव्हा अमेरिकेनं थायमॉलसाठी रानातल्या ठिपकेदार मोनार्डाकडे मोर्चा वळवला. आपल्या नाकाला जे नातं लागतं, ते तिथं व्यापारानं जोडलं.

बी बामला इंग्रजीत ‘बर्गमॉट’ही म्हणतात. का, तर पानांना त्या नावाच्या आंबट फळाचा वास येतो. यूनानी हकिमांच्या यादीत पुदिन्याच्याच कुळातली ‘बादरंजबोया’ आहे. फारसीत बादरंग म्हणजे महाळुंग आणि बोया म्हणजे वासाची. दोन भाषांना एकमेकींचा पत्ता नाही, तरी दोघींनी या कुळातल्या पाल्यात लिंबाचं घराणं हुंगलं.

उरला ‘बाम’. मुळात हा बाल्सम, म्हणजे झाडाचा सुगंधी डिंक. मराठीत तो शिरला तो डोकेदुखीच्या वाटेनं. 1893 साली मुंबईत अमृतांजन सुरू करणारे काशीनाथुनी नागेश्वर राव तेलुगू होते. तेव्हा मराठी कपाळावर हा शब्द चोळण्याच्या श्रेयात तेलुगूंचा वाटा मोठा धरायला हवा. आज बाम म्हटलं की आपल्याला बाटली दिसते, झाड नाही.

बागेच्या पुस्तकात बी बामपुढे ‘बहुवर्षायू’ लिहिलेलं असतं. बोलताना आपण ‘बारमाही’ म्हणतो आणि तिथं फसतो. माह हा फारसी महिना; बारमाही म्हणजे बारा महिने हिरवं, पानओव्यासारखं. बी बाम हिवाळ्यात जमिनीवरून नाहीशी होते आणि वसंतात मुळांतून फुटते. वर्षं पुष्कळ, पण महिने बारा नव्हेत. शिवाय तिला थंडीची विश्रांती आणि ओलसर माती लागते, हवा कोंडली की पानांवर भुरी धरते. हैदराबादच्या मे महिन्यात तिनं तग धरावा ही अपेक्षा जास्तच आहे. त्यापेक्षा टेक्सास-मेक्सिकोकडची, लिंबाच्या वासाची, एका हंगामात आटोपणारी जात दसऱ्यानंतर पेरून पाहावी.

तिला मराठी नाव हवंच असेल, तर ‘मधुगंधा’ वगैरे घडवण्याच्या भानगडीत पडू नये. अमेरिकेतून आलेल्या झाडाला आपण बेलाशक विलायती चिंच म्हणतो. या न्यायानं ही विलायती ओवा. वहिनी बहुधा तिलाही वामाकुच म्हणतील.