पासपोर्टवर शिरवळ, मतदानही शिरवळलाच

१/ पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. विधानसभेसाठी हे गाव वाई मतदारसंघात मोडते, लोकसभेसाठी सातारा मतदारसंघात. येथील एक तरुण सैन्यात आणि दुसरा दुबईत नोकरीला असेल, तर मतदानाच्या दिवशी दोघेही गावाबाहेर असतात. कायद्याने मात्र या दोन अनुपस्थितींत आरंभापासून भेद केला आहे.

२/ १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदार होण्यासाठी त्या मतदारसंघात 'सर्वसाधारणपणे रहिवासी' असण्याची अट घातली. गावात केवळ स्वतःचे घर असणे पुरेसे नव्हते. परदेशी स्थिरावलेला नागरिक या अटीत बसत नव्हता.

३/ सैनिकाचे निवासस्थान मात्र तेच मानले गेले, जेथे तो तैनाती नसती तर राहिला असता. परदेशात नेमलेल्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही हाच नियम लागू झाला. त्यांना टपाली मतदान मिळाले. २००३ मध्ये सैनिकांना प्रतिनिधीमार्फत मतदानाचा पर्याय मिळाला, तर २०१६ मध्ये कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची तरतूद झाली.

४/ इतरांना ६० वर्षे वाट पाहावी लागली. २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात कलम '२०अ' आले आणि १० फेब्रुवारी २०११ पासून ते अमलात आले. परदेशी नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येऊ लागले. मत देण्यासाठी मात्र मूळ पासपोर्टसह स्वतः केंद्रावर येणे बंधनकारक राहिले.

५/ परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात १,१९,३७४ अनिवासी मतदारांची नोंद होती. मतदान केले २,९५८ जणांनी. महाराष्ट्रात ५,०९७ पैकी केवळ १७ जणांनी.

६/ प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा अनिवासींनाही देणारे विधेयक लोकसभेने ९ ऑगस्ट २०१८ रोजी संमत केले. राज्यसभेची संमती मिळण्यापूर्वीच सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. मताची गुप्तता कशी राहणार आणि प्रतिनिधी सांगितल्याप्रमाणेच मत देईल याची हमी काय, हे त्यावरचे गंभीर आक्षेप होते.

७/ सैनिकाला राष्ट्र पाठवते, नोकरदार स्वेच्छेने जातो, हा १९५० मधील भेद समजण्याजोगा होता. परंतु २०१० मध्ये संसदेने दुसऱ्याचाही हक्क मान्य केला. त्यानंतर प्रश्न उरतो तो हक्क बजावण्याच्या साधनाचा. गुप्ततेची जी जोखीम सैनिकाच्या बाबतीत स्वीकारली गेली, ती दुबईतील कामगाराच्या बाबतीत का स्वीकारू नये, याचे उत्तर संसदेने अद्याप दिलेले नाही. तोवर त्याच्या मताची किंमत विमानाच्या परतीच्या तिकिटाइतकी आहे.