जुन्या नाण्याचें मोल

आसनगावच्या स्थानकावर उतरणाऱ्यास माहुलीचा किल्ला दिसतो. सन १६६५ मध्यें पुरंदरच्या तहानें जे २३ किल्ले मोंगलांस द्यावे लागले, त्यांत हा एक होता. त्या २३ किल्ल्यांखालील मुलखाचें उत्पन्न ४ लक्ष होन धरलें गेलें. शिवाजी महाराजांकडे १२ किल्ले व १ लक्ष होनांचा मुलूख राहिला. हे होन मात्र महाराजांच्या नांवाचे नव्हते. दक्षिणेंत त्या काळीं नाना राजांचे होन एकाच बाजारांत फिरत. सभासद बखरींत खजिन्याची जी यादी आहे, तींत देवराई, अच्युतराई अशीं विजयनगरच्या राजांचीं नांवें धारण करणारे होनही आढळतात. राजे गेले, राज्य बुडालें, तरी होन चालत होता. कारण सराफ नांव वाचीत नसे, कस आणि वजन पाही, व कमी भरेल त्यावर बट्टा घेई.

महाराजांचें मतही याच वळणाचें होतें. सन १६७४ मध्यें राज्याभिषेकप्रसंगीं आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन यानें कंपनीचें नाणें स्वराज्यांत चालावें, असें कलम मागितलें. त्यावर उत्तर मिळालें तें असें, कीं रयतेस नुकसान होईल असें नाणें घेण्याची सक्ती करतां येणार नाहीं; मात्र तें मोंगली नाण्याइतकें शुद्ध व वजनदार असेल, तर त्यास मनाई नाहीं. अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांतही ही गोष्ट इतकी थोडक्यांत क्वचितच सांपडेल.

आजचा संग्राहक मात्र निराळ्याच तराजूनें तोलतो. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनीं स्वतःचा सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली. दोहोंवर अक्षरें तींच: एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. तरीही तो होन लिलावांत लाखो रुपयांस जातो, आणि साधी शिवराई कांहीं शें रुपयांत मिळते. हा भेद केवळ धातूचा नव्हे. होनांत सोनें असतें तें पाव तोळ्याच्या आंतबाहेर. तेवढ्यानें लाखांचा हिशेब लागत नाहीं. होन फार थोडे उरले, शिवराया मात्र अपार उरल्या, हें खरें कारण. शिवराई पेशवाईंतही पाडली जात होती, इंग्रजी अमलाच्या आरंभींही. म्हणून महाराजांचें नांव असलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळची नव्हे. अक्षरांचें वळण, कडेच्या ठिपक्यांची माळ, वजन, हें सारें पाहून जाणकार काळ ठरवितो व त्यावर किंमत बसते.

नाणें जितकें जुनें तितकें महाग, ही समजूत घरोघर आहे. ती फसवी आहे. आसनगावाहून कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे जावें. त्या बाजूस जोगळटेंभी येथें १९०६ सालीं क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सांपडला. नाणीं १३,००० हून अधिक. त्यांतील ९,००० वर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला. इतिहासास हा ठेवा अमोल ठरला. पण इतकीं नाणीं एकदम हातीं आल्यावर नहपानाचें नाणें पूर्वीसारखें दुर्मिळ थोडेंच राहणार! याच्या उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया. तो फारच थोडा बाहेर पडला, आणि १९४० पासून रुपयांतील चांदी निम्म्यावर आली. म्हणून व्हिक्टोरिया राणीचा साधा रुपया चांदीच्या भावाच्या आसपास मिळतो, आणि त्याहून कितीतरी धाकट्या या रुपयास हजारों रुपये पडतात. अर्थात् दुसऱ्या सालचा आंकडा खोडून ‘१९३९’ करणारे कारागीरही निपजले आहेतच.

लबाडीचे प्रकार पुष्कळ. रामपंचायतन किंवा हनुमान कोरलेला, १६१६ अथवा १८१८ साल घातलेला ‘ईस्ट इंडिया कंपनीचा अर्धा आणा’ अनेक देव्हाऱ्यांत पूजिला जातो. कंपनीनें असलें नाणें पाडलेंच नाहीं. १६१६ सालीं तर मुंबई बेट पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें. जुन्या नाण्यास लाखो रुपये देऊं, आधीं दलाली भरा, असें सांगणारे ठकही सुटले आहेत. त्यांनीं रिझर्व्ह बँकेचें नांव वापरल्यामुळें, आपण असा व्यवहार करीत नाहीं व असें शुल्क कोणाकडून घेत नाहीं, असें त्या बँकेस ऑगस्ट १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे, ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर करावें लागलें.

खऱ्या नाण्याचें मोल घरांतच घालविण्याची रीतही आपल्याकडे आहे. तांब्याचें नाणें चिंचेनें घासून लखलखीत केलें, कीं त्यावरील शेंदोनशें वर्षांची काळसर झांक जाते आणि किंमत उतरते. माळेंत ओवण्यासाठीं कडी डागली, तरी तेंच. जमिनींत सांपडलेल्या ठेव्यास तर सरकारी नियम आहे: १८७८ च्या कायद्याप्रमाणें १० रुपयांहून अधिक मोलाचें गुप्तधन सांपडल्यास कलेक्टरास कळवावें लागतें. आणि शंभर वर्षांहून जुनें नाणें खासगी माणसानें देशाबाहेर पाठविणें १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें निषिद्ध आहे, मग परदेशांतील गिऱ्हाईक कितीही दर देवो.