साडेबावीस किलो

सोमवार, २६ सप्टेंबर २०२२ रोजी दहिसर पश्चिमेच्या एका लहान तळ्यातून अकरा गोण्या मेलेले मासे निघाले. तळ्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. मी त्याच्या काठावरच्या इमारतीत राहतो. पुढची नोंद माझ्या वहीतून, माझ्या फोनवरून आणि तळ्याच्या रखवालदाराने सांगितलं त्यावरून केली आहे.

सहा महिने आधी

मार्चमध्ये तळ्याचं सुशोभीकरण झालं. काठची पाणकणसं, कुमुदिनी आणि तळाशी वाढलेलं हायड्रिला उपटून नेलं. चारही बाजूंनी दगडी भिंत बांधली. पाणी स्वच्छ दिसू लागलं आणि आम्ही सगळे खूश झालो.

या पाणवनस्पती गाळातलं नत्र आणि स्फुरद शोषून घेत होत्या. त्या गेल्यावर तेच खत पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला मिळालं. जूनअखेर पाणी हिरवं झालं.

गावठाणातली जुनी माणसं सांगतात, पहिल्या पावसात वलगणीचे मासे दहिसर नदीतून ओढ्याने या तळ्यात चढायचे. तुळशी तलावाकडून येणारी नदी बारा किलोमीटर वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. तळ्याचा ओढा आता बंदिस्त गटार आहे. तळ्यातल्या माशाला बाहेर जायला वाट नाही.

रविवार, सकाळी ६.२८

सूर्योदय. सर्वपित्री अमावास्या. विषुवदिन दोनच दिवसांपूर्वी झालेला, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास बारा-बारा तासांची.

हे बारा तास महत्त्वाचे. उजेड असेपर्यंत शेवाळ प्राणवायू तयार करतं. श्वास मात्र चोवीस तास चालू असतो : शेवाळाचा, माशांचा आणि गाळातल्या जिवाणूंचाही. दिवसा जमलेल्या साठ्यावर रात्र काढायची असते.

सकाळी ८.४०

पहिली कुटुंबं आली. पिंड, काळे तीळ, दर्भ, भात, दूध, झेंडू. पायऱ्यांवर गुरुजींच्या तीन बैठका लागल्या. काठावर दोन निर्माल्य कलश ठेवलेले होते.

सकाळी ११.१५

मी वडिलांसाठी तर्पण केलं. भाताचा पिंड पाण्यात सोडला. अर्धा लीटर दुधातलं जे उरलं, तेही ओतलं. पांढरा ढग हिरव्या पाण्यात हातभर पसरला आणि विरला.

दूध पाण्यात गेलं की जिवाणू ते खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. एका लीटर दुधामागे साधारण शंभर ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. ३० अंश तापमानाच्या एका लीटर पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. म्हणजे एक लीटर दूध कुजायला तेरा हजार लीटर पाण्यातला सगळा प्राणवायू लागतो. दहा हजार लीटरच्या टँकरपेक्षा हे जास्त आहे.

दुपारी १२.३०

सूर्य माथ्यावर, पण आभाळ भरलेलं. दोन्ही निर्माल्य कलश काठोकाठ भरले. नंतर आलेल्यांनी पाण्यातच सोडलं. कलश सोमवारी सकाळी रिकामे होणार होते.

दुपारी २.३०

ही वेळ पाण्यात प्राणवायू सर्वांत जास्त असण्याची. कडक ऊन असतं तर शेवाळाने साठा भरपूर वाढवला असता. ढगाखाली त्याचं काम मंदावतं.

मी हात पाण्यात घातला. कोपर बुडायच्या आधीच बोटं दिसेनाशी झाली. उजेड जेमतेम हातभर खोल जात होता. त्याखालचं पाणी भरदिवसा अंधारात होतं, आणि अंधारात प्राणवायू तयार होत नाही.

दुपारी ४.१०

गर्दी ओसरली. पायऱ्यांच्या कोपऱ्यात दुधाच्या अर्ध्या लीटरच्या रिकाम्या पिशव्यांचा ढीग होता. मी मोजल्या : १२४. म्हणजे ६२ लीटर.

तळं साधारण दोन हजार चौरस मीटरचं, सरासरी खोली दीड मीटर, पाणी तीस लाख लीटर. पूर्ण भरलेला असला तर त्यातला प्राणवायू साडेबावीस किलो. नुसत्या दुधाची मागणी सहा किलोंच्या वर. भात, पीठ, फुलं आणि पंधरवड्यात आधी सोडलेलं सगळं वेगळं. ही मागणी एका रात्रीत पुरी होत नाही, काही दिवस चालते. पण पितृपक्षाचे आधीचे दिवसही याच तळ्यात जमा होते.

हा हिशेब मी बुधवारी केला. रविवारी फक्त पिशव्या मोजल्या.

वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या मी याआधी वाचलेल्या होत्या.

संध्याकाळी ६.३२

सूर्यास्त. प्राणवायू तयार होणं थांबलं. आता तळ्याला बाहेरून मिळणार ते वाऱ्यातून आणि कारंज्यातून. वारा पडलेला होता.

रात्री ९.००

टायमरने कारंजं बंद केलं. आवाजाने झोप लागत नाही, मोटर नऊला बंद करावी, असा अर्ज आम्ही काठच्या रहिवाशांनी मे महिन्यात केला होता. त्यावरची तिसरी सही माझी आहे.

रात्री ११.३०

रखवालदाराला भिंतीवर गोगलगायी दिसल्या. पाण्याच्या रेषेच्या वर, ओळीने. एवढ्या त्याने आधी कधी पाहिल्या नव्हत्या. पाण्याला कुजका वास येत होता. अमावास्येचा वास असणार, असं त्याला वाटलं.

मत्स्यपालनाच्या पाण्यात लीटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. त्या वेळी तळ्यात किती होता हे कोणी मोजलं नाही. गोगलगायी मात्र पाणी सोडून वर आल्या होत्या.

सोमवार, रात्री १.५०

वीस मिनिटं पाऊस पडला. वरचं पाणी थंड झालं, जड झालं आणि खाली गेलं. तळाचं पाणी वर आलं. त्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतो आणि गाळातला सडका वायू असतो. दोन थर मिसळले. वरच्या थरात जे थोडं शिल्लक होतं, ते सगळ्या तळ्यात वाटलं गेलं.

मला पावसाने जाग आली. मी खिडकी लावून घेतली.

रात्री ३.१५

चुबुक चुबुक असा आवाज. रखवालदाराने बॅटरी मारली. पाण्यावर सगळीकडे तोंडं होती, उघडझाप करणारी. रोहू, कटला, मृगळ. पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा हवेला लागून असतो, त्यात थोडा प्राणवायू उरतो. मासे तेवढंच पाणी कल्ल्यांतून ओढत होते. बॅटरीचा झोत पडूनही एकही खाली गेला नाही.

रात्री ३.२२

त्याने मला फोन लावला. एकदाच. फोन सायलेंटवर होता. कारंज्याच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे असते. रात्री दुसऱ्या कोणाला उठवायचं त्याला धाडस झालं नाही.

पहाटे ४.३०

मोठे मासे आधी कलंडले. मोठ्या अंगाला प्राणवायू जास्त लागतो. हातभर लांबीचे रोहू पायऱ्यांना येऊन टेकले. त्याने दोन उचलून पुन्हा खोल पाण्यात सोडले. ते परत आले.

पहाटे ५.१०

मी उठलो. मिस्ड कॉल पाहिला.

पहाटे ५.२५

कारंजं सुरू केलं. लहान मोटर, सहा फवारे. जे मासे अजून हलत होते, ते पाच-सात मिनिटांत कारंज्याभोवती जमले. त्या गोलाबाहेर पाणी पांढऱ्या पोटांनी भरलेलं होतं.

रखवालदार म्हणाला, "काका, मला वाटलं खायला वर आलेत."

सकाळी ६.२८

सूर्योदय. शेवाळाने पुन्हा काम सुरू केलं. आभाळ निवळलेलं होतं.

सकाळी ७.३०

घटस्थापना होती. झेंडू आणि परडीतली माती घेऊन जाणारे लोक काठावर थांबत होते. कोणी तरी विष टाकलं असणार, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही. आठपर्यंत सगळे तेच म्हणत होते.

सकाळी ९.००

मासे काढायला सुरुवात झाली. रोहू, कटला आणि मृगळ जवळपास सगळे. चिलापी थोड्या, त्यांना कमी प्राणवायू पुरतो. मरळ एकही नाही, मागूरही नाही. हे दोन्ही मासे वर येऊन हवेतून श्वास घेतात. ते खाली जिवंत होते.

अशी प्रत्येक रात्र तळ्याची निवड करून जाते. जे मासे स्वच्छ, वाहत्या पाण्याचे, ते संपतात. जे कुजक्या पाण्यात तगतात, ते उरतात. पुढच्या वर्षी कोणी पाहिलं तर त्याला तळ्यात मासे दिसतील आणि तळं बरं आहे असं वाटेल.

सकाळी १०.४०

तपासणीसाठी माणूस आला. पायरीवर वाकून त्याने पाण्याची बाटली भरली, बूच लावलं आणि कागद चिकटवला. ऊन कडक होतं. पाणी पुन्हा हिरवंगार दिसत होतं आणि काठाला शेवाळातून बारीक बुडबुडे सुटत होते. प्राणवायूचे.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

अहवाल आला. विषाचा अंश नाही. विरघळलेला ऑक्सिजन मर्यादेच्या आत. मासे मेल्याचं कारण स्पष्ट होत नाही.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात नमुन्याची तारीख आणि वेळ होती. वेळेच्या रकान्यात १०.४० लिहिलेलं होतं. तळ्याचं पाणी खरं बोलतं ते पहाटे तीन ते सहा. त्या तीन तासांत काठावर बॅटरी घेऊन एक माणूस उभा होता आणि त्याने पाहिलेलं सगळं खरं होतं. अहवालात त्याला रकाना नव्हता.

कारंज्याचा टायमर मी त्याच संध्याकाळी काढून टाकला.