आनंदीबाई जोशी यांचा प्रवेश-अर्ज : तारखा, पात्रता आणि कोल्हापूरचा संबंध

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र महाराष्ट्रास नवें नाहीं. कॅरोलाइन डॉल यांनीं तें १८८८ सालीं बोस्टन येथें इंग्रजींत प्रसिद्ध केलें, काशीबाई कानिटकर यांनीं मराठींत लिहिलें, आणि श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीनें तें घरोघरीं पोंचविलें. परंतु ज्या एका कागदावर या बाईंचें पुढील सारें आयुष्य अवलंबून होतें, त्या कागदाकडे, म्हणजे वैद्यक-महाविद्यालयाकडे त्यांनीं पाठविलेल्या प्रवेश-अर्जाकडे, जितक्या बारकाईनें पाहावयास हवें तितकें पाहिलें जात नाहीं. हा अर्ज केव्हां केला, त्या वेळीं अर्जदाराची पात्रता काय होती, आणि अर्जाची वेळ योग्य होती कीं नव्हती, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. या प्रकरणाचा आरंभ कोल्हापुरांत झाला व त्याचा शेवटहि कोल्हापुरांतच व्हावयाचा होता. म्हणून करवीरच्या इतिहासाच्या अभ्यासकांस हा विषय परका वाटूं नये.

प्रथम कोल्हापूरचा कागद घेऊं. आनंदीबाईंचे पति गोपाळराव जोशी हे टपाल खात्यांत नोकरीस होते व बदलीनें कोल्हापुरास आले होते. कोल्हापुरांत अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचें ठाणें होतें. तें स्थापन करणारे रॉयल वाइल्डर हे १८५२ सालीं येथें आले आणि १८७५ सालीं स्वदेशीं परतले. पुढें प्रिन्स्टन येथून त्यांनीं ‘मिशनरी रिव्ह्यू’ हें नियतकालिक १८७८ सालीं सुरू केलें. त्याच सालीं गोपाळरावांनीं कोल्हापुराहून पत्र लिहून, आपणांस अमेरिकेंत कांहीं उद्योग मिळेल काय व आपल्या पत्नीच्या शिक्षणाची सोय होईल काय, अशी पृच्छा केली. वाइल्डर यांनीं तें पत्र आपल्या नियतकालिकांत छापलें. आणि उत्तर दिलें तें असें कीं, उभयतांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. गोपाळरावांनीं तें मानलें नाहीं. पत्र तेथेंच संपावयाचें; पण न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या नजरेस तो अंक १८८० सालीं पडला, आणि त्यांनीं आनंदीबाईंशीं पत्रव्यवहार आरंभिला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १८७८ सालीं आनंदीबाईंचें वय तेरा वर्षांचें होतें, कारण त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. म्हणजे कोल्हापूर-पत्र हा प्रवेश-अर्ज नव्हे. ती एका पतीनें केलेली चौकशी होय. तिच्यांत अमुक महाविद्यालय, अमुक सत्र, अमुक पात्रता यांपैकीं कांहींहि नाहीं. कोल्हापूर-पत्र आणि प्रवेश-अर्ज यांमध्यें पांच वर्षांचें अंतर आहे, आणि या पांच वर्षांत पत्र लिहिणारा हात बदलला : १८७८ चें पत्र पतीचें, १८८३ चा अर्ज स्वतः आनंदीबाईंचा. कथा सांगणारे हीं दोन्हीं एकाच श्वासांत सांगतात, तेणेंकरून आनंदीबाईंचा स्वतःचा निर्णय झांकला जातो.

आतां तत्कालीन हिंदुस्थानांत स्त्रियांस वैद्यक शिकण्याचे दरवाजे कितपत उघडे होते, तें पाहूं. मद्रासच्या मेडिकल कॉलेजांत १८७५ सालीं स्त्रियांस प्रथम घेण्यांत आलें. अन्यत्र सुइणीच्या शिक्षणाचे वर्ग होते. श्रीरामपूर येथें २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं दिलेल्या व्याख्यानांत आनंदीबाईंनीं हीच स्थिति सांगितली, आणि येथील शिक्षण अपुरें असून शिकविणारे जुन्या मताचे आहेत, असें स्पष्ट बोलून दाखविलें. त्यानंतर सहा आठवड्यांनीं, ७ एप्रिल १८८३ रोजीं, त्या कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजीं न्यू यॉर्क बंदरांत उतरल्या. प्रवासास अठ्ठावन्न दिवस लागले.

अर्जाची तारीख २८ जून १८८३ ही आहे. म्हणजे उतरल्यापासून चोविसाव्या दिवशीं. तो रोझेल येथून, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेचे आल्फ्रेड जोन्स यांस लिहिला आहे. ही संस्था १८५० सालीं स्थापन झाली असून केवळ स्त्रियांस वैद्यक शिकविण्यासाठीं होती. तिचें सत्र ऑक्टोबराच्या आरंभीं सुरू होई. उतरतांच दोन-तीन दिवसांत अर्ज केला असता तर तो घाईचा झाला असता. सप्टेंबरपर्यंत थांबल्या असत्या तर वर्ष वायां जाण्याचें भय होतें. जूनअखेर अर्ज केल्यामुळें संस्थेस विचारास तीन महिने मिळाले. नकार आलाच तर दुसरें दार ठोठावण्यास अर्जदारासहि तेवढाच अवधि होता. आणि असें दुसरें दार त्यांनीं मनांत धरलें होतें, हें अर्जाच्या शेवटावरूनच कळतें. कारण आपणांस जी संस्था घेईल तिच्या दाराशीं आपण उभ्या आहों, असा त्याचा आशय आहे.

पात्रतेविषयीं अर्जाचा मजकूर अधिक बोलका आहे. प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होत नसतील, हें अर्जदार स्वतःच सांगते. आपली गोष्ट नेहमींहून निराळी आहे, म्हणून संस्थेनें सवलत द्यावी, अशी विनंति करते. आणि जातिबांधवांचा व स्नेह्यांचा विरोध पत्करून ज्या निश्चयानें आपण येथवर आलों, तो निश्चयच पात्रतेच्या बाजूस जमेस धरावा, असें सुचविते. स्वतःसाठीं आपण कांहीं मागत नाहीं, पुरुष डॉक्टरापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्वदेशभगिनींसाठीं मागतों, हा अर्जाचा गाभा आहे. आनंदीबाई मिशनच्या शाळांतून व घरीं शिकल्या होत्या. विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन त्यांनीं दिलेली नव्हती. गुणपत्रक जोडावयास नव्हतें, तेव्हां उणीव झांकून न ठेवतां ती आरंभींच मांडली, हें या अर्जाचें वैशिष्ट्य होय. ‘दया म्हणून प्रवेश मिळाला’ असें जें म्हटलें जातें, तें यामुळें अर्धेंच खरें ठरतें. सवलत मिळाली हें खरें. पण ती मागण्याची युक्ति व वेळ अर्जदाराची होती.

परंतु अर्जांतील एका विधानापाशीं आम्हांस थांबावें लागतें. आपली प्रकृति चांगली आहे, असें त्यांत लिहिलें आहे. उलटपक्षीं चरित्रग्रंथांवरून असें दिसतें कीं, बंगालच्या वास्तव्यांत त्यांस वारंवार डोकेदुखी, ताप व अशक्तपणा यांचा त्रास होत असे, आणि कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधेंहि पाठविलीं होतीं. या विसंगतीचा उलगडा कसा करावा? खोटें लिहिलें असा ठपका ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. समुद्रप्रवास सुखरूप झाला, नव्या हवेंत चार आठवडे बरे गेले, अशा स्थितींत अठरा वर्षांच्या मुलीस आपण बऱ्या आहों असें मनापासून वाटणें अशक्य नाहीं. तथापि अर्ज हा एक विशिष्ट प्रकारचा कागद असतो, आणि त्यांतील प्रत्येक वाक्य मागणीकडे पाहून लिहिलेलें असतें, हें अभ्यासकानें विसरूं नये. सनदेंतील स्तुति जशी आपण ताडून घेतों, तसें अर्जांतील आरोग्यहि ताडून घ्यावें.

याच सालीं कलकत्त्यास घडलेलें दुसरें प्रकरण तुलनेस घेण्याजोगें आहे. कादंबिनी गांगुली यांनीं कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली होती. म्हणजे पात्रतेच्या दृष्टीनें त्या आनंदीबाईंच्या कितीतरी पुढें होत्या. तरीहि तेथील मेडिकल कॉलेजानें त्यांस घेण्यास प्रथम खळखळ केली, व १८८३ सालीं दार उघडलें. पुढें अंतिम परीक्षेंत एका विषयांत गुण कमी पडले म्हणून त्यांस एम. बी. न मिळतां १८८६ सालीं जी. बी. एम. सी. ही पदविका मिळाली. एकीकडे गुण असून दार बंद, दुसरीकडे गुणपत्रक नसून दार उघडें. यावरून प्रवेशाचा निकाल केवळ गुणांनीं लागत नव्हता, तो संस्थेच्या धोरणानें लागत होता, असें अनुमान आम्ही करतों.

मग आनंदीबाईंनीं थोडें थांबावयास हवें होतें काय? हा प्रश्न पोकळ नाहीं. त्या निघून गेल्या त्याच १८८३ सालीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाचें दार स्त्रियांस उघडलें. आणखी आठ-नऊ महिने धीर धरला असता तर परदेशची थंडी व एकटेपण टळलें असतें, असें कोणी म्हणेल. पण विद्यापीठाची पदवी हवी तर मुंबईस मॅट्रिक्युलेशन आवश्यक होती, आणि ती देऊन मग वैद्यकाचा अभ्यासक्रम पुरा करावयाचा, म्हणजे कित्येक वर्षांचा काळ लागला असता. शिवाय मुंबईचें दार उघडणार आहे हें एप्रिलांत कोणीं पाहिलें होतें? पुढें काय झालें तें ठाऊक असतां मागच्यांच्या निर्णयास दोष देणें ही इतिहासाची रीत नव्हे. त्यांच्यापुढें जीं दारें होतीं त्यांपैकीं जें उघडें होतें तें त्यांनीं निवडलें, एवढेंच म्हणतां येतें.

ऑक्टोबर १८८३ मध्यें आरंभिलेला अभ्यास पुरा करून ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं एम. डी. पदवी घेतली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदानास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्याच वर्षीं कोल्हापूर दरबारानें त्यांस आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून जागा देऊं केली, व त्यांनीं ती स्वीकारली. ज्या गांवाहून आठ वर्षांपूर्वीं पहिली चौकशी गेली, त्याच गांवाहून नेमणुकीचा कागद आला, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. परंतु त्या १८८६ च्या नोव्हेंबरांत मुंबईस उतरल्या त्या क्षयानें जर्जर होऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. पदवीपासून मृत्यूपर्यंत अकरा महिने पंधरा दिवस. कोल्हापुरास त्यांनीं कांहीं काळ डॉक्टरकी केली, असें कोठें कोठें ऐकूं येतें, तें चूक होय. नेमणूक झाली, रुजू होणें झालें नाहीं.

पुढें शाहू महाराजांच्या कारकीर्दींत कृष्णाबाई केळवकर यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत व नंतर ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिक्षण घेतलें, आणि त्या याच आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत डॉक्टर म्हणून काम करूं लागल्या. त्यांची आई रखमाबाई केळवकर कोल्हापुरांतील स्त्रीशिक्षणाच्या कामांत अग्रभागीं होत्या. म्हणजे जें आनंदीबाईंस विनंतीनें मिळवावें लागलें, तें एका पिढीच्या आंत परीक्षेच्या रीतसर पायऱ्या चढून मिळूं लागलें. आज त्या इस्पितळास छत्रपति प्रमिलाराजे यांचें नांव असून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यास जोडलेलें आहे. तेथील प्रवेश ‘नीट’ या एकाच परीक्षेच्या गुणांवर ठरतो. आपली गोष्ट नेहमींहून निराळी आहे, असें लिहावयास त्या पद्धतींत रकाना नाहीं. यांत न्याय अधिक कीं हानि अधिक, हें ठरविणें आमच्या लेखाच्या कक्षेबाहेरचें आहे. पण १८८३ चा कागद वाचणाऱ्यास हा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आनंदीबाईंचा अर्ज आज वाचतां येतो तो फिलाडेल्फियाच्या संस्थेनें आपल्या अर्जदारांचे कागद जपून ठेवले म्हणून. सध्यां तो तेथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. आपल्याकडे इनामपत्रें, महजर व निवाडे रुमालांत बांधून ठेवले जातात; शाळेचा दाखला, परीक्षेचा निकाल, नोकरीचा वा प्रवेशाचा अर्ज हे मात्र रद्दींत जातात. करवीर इलाख्यांतील जुन्या घरांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे असे कागद अद्यापि निघण्याचा संभव आहे. मुलीस कोणत्या वयांत शाळेंत घातलें, कोणत्या इयत्तेंत काढलें, कोणीं तिच्यासाठीं अर्ज लिहिला आणि त्यावर काय शेरा पडला, हें त्यांवरूनच कळावयाचें. ज्यांच्या संग्रहीं असा एखादा कागद असेल त्यांनीं तो किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नये, तारीख व ठिकाण यांसह त्याची नक्कल करून ठेवावी, एवढें सुचवून हा लेख आम्ही पुरा करतों.